तळहाताचा बंदोबस्त

इ. स. २००० च्या सप्टेंबर महिन्यात सिडनी येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या भारोत्तोलनाला प्रथमच प्रवेश मिळाला, आणि त्याच सामन्यांत आंध्र प्रदेशाच्या कर्णम मल्लेश्वरी हिने ६९ किलो वजनगटात स्नॅचमध्ये ११० व क्लीन अँड जर्कमध्ये १३० असे एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळविले व ऑलिंपिक पदक पटकावणारी पहिली भारतीय स्त्री हा लौकिक आपल्या नावावर कायमचा नोंदवून घेतला. अशा पराक्रमाची वाखाणणी करताना आपण खांद्यांविषयी बोलतो, मांड्यांविषयी बोलतो, मनोधैर्याविषयी तर भरभरून बोलतो. तळहाताविषयी मात्र चकार शब्द काढीत नाही. वस्तुतः पाठ, मांड्या आणि खांदे यांनी वर्षानुवर्षे कमावलेले सारे बळ अखेर लोखंडापर्यंत पोचते ते दोन तळहातांवरील, बोटांच्या मुळाशी असलेल्या, जेमतेम दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यांतून. आणि साऱ्या मुलखाचा वसूल ज्या एका नाक्यावरून सरकारजमा व्हावयाचा, त्या नाक्याच्या डागडुजीकडे काणाडोळा करणारा कारभारी जसा शहाणा म्हणता येत नाही, तशीच तळहाताची हेळसांड करून केवळ वजनाचे आकडे वाढवू पाहणारी व्यायामपटूही दूरदर्शी म्हणता येत नाही.

ज्या लोखंडाशी या तळहाताची गाठ पडते, त्याचा परिचय आधी करून घेणे इष्ट. भारोत्तोलनाच्या सामन्यांत स्त्रियांसाठी असलेला दांडा, ज्याला व्यायामशाळेत सर्वत्र बार असेच म्हणतात, तो १५ किलो वजनाचा, २ मीटर १ सेंटीमीटर लांबीचा आणि पकडीच्या जागी २५ मिलिमीटर जाडीचा असतो. पुरुषांचा दांडा २० किलोंचा, २ मीटर २० सेंटीमीटर लांबीचा व २८ मिलिमीटर जाडीचा असतो. तीन मिलिमीटरांचा हा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटला, तरी ज्या मुठीची बोटे आखूड आहेत, त्या मुठीला तो चांगलाच जाणवतो. पकड निसटू नये म्हणून दांड्यावर तिरप्या रेघांची खरखरीत जाळी कोरलेली असते, आणि ही जाळी आपले काम चोख बजावीत असतानाच कातडीवर कानशीसारखी चालत असते. सामन्याच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना, जेथे चकत्या चढवितात तेथे, फिरत्या नळ्या बसविलेल्या असतात; त्यामुळे वजन वर जाताना चकत्या स्वतंत्रपणे फिरतात व त्यांचा पीळ मुठीत उतरत नाही. गल्लीतल्या व्यायामशाळांत पुष्कळदा या नळ्या गंजाने वा धुळीने जाम झालेल्या आढळतात, आणि मग तो पीळ निमूटपणे सोसावा लागतो तो तळहाताच्या कातडीला. हात वारंवार सोलवटत असेल, तर दोष हाताला देण्यापूर्वी दांड्याची नळी बोटाने फिरवून पाहावी, हे बरे.

स्त्रीच्या हाताला घट्टे पडणे ही काही आजकालची नवलाई नव्हे. पहाटे जात्याचा खुंटा धरून दळण दळणाऱ्या, मुसळाने कांडण करणाऱ्या, रहाटाचा दोर ओढणाऱ्या आणि विळ्याने दिवसभर कापणी करणाऱ्या बायकांच्या हातांवर हेच घट्टे पिढ्यानुपिढ्या होते, आणि उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर ते आजही आहेत. टोकियोच्या सामन्यांत २०२१ साली ४९ किलो वजनगटात २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविणारी मणिपूरची मीराबाई चानू लहानपणी सरपणाच्या मोळ्या वाहत असे, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. नवे आहे ते एवढेच की, जे घट्टे पूर्वी परिस्थितीने लादले जात, ते आता स्त्री आपण होऊन, दरमहा वर्गणी भरून, पदरात पाडून घेते. आणि म्हणूनच त्यांच्याविषयी तिच्या मनात एक नवा संकोच अथवा एक नवा अभिमान उत्पन्न होतो. कोणी हळदीकुंकवाच्या वेळी पुढे केलेला हात हळूच आखडता घेते आणि घरी जाऊन ब्लेडने घट्टे तासून काढते. तर कोणी त्यांना पदकांसारखे मिरविते आणि फाटलेल्या तळव्याचे रक्त पाहून कृतकृत्य होते. या दोन्ही वृत्ती परस्परविरुद्ध दिसल्या, तरी त्यांच्या मुळाशी अज्ञान एकच आहे. घट्टा हा कलंकही नव्हे आणि अलंकारही नव्हे; तो शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी केलेला एक बंदोबस्त आहे, आणि कोणत्याही बंदोबस्ताप्रमाणे त्याच्यावर देखरेख लागते. हात मऊ नसला तरी चालेल, तो सपाट असला पाहिजे, हे या विषयातील मुख्य सूत्र होय. पुढील सर्व विवेचन त्याचाच विस्तार आहे.

तळहाताची त्वचा शरीराच्या अन्य भागांवरील त्वचेपेक्षा प्रकृतीनेच निराळी आहे. त्वचेचा सर्वांत वरचा स्तर, म्हणजे बाह्यत्वचा, पापणीवर मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतका पातळ असतो, तर तळहात-तळपायांवर तो सुमारे दीड मिलिमीटरपर्यंत जाड असतो. या स्तराच्या तळाशी नव्या पेशी अखंड निर्माण होत असतात. त्या हळूहळू वर सरकतात, वाटेत केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरून जातात, आणि पृष्ठभागी पोचेपर्यंत निर्जीव, चपट्या खवल्यांसारख्या होऊन, काही आठवड्यांची आपली मुदत संपली की गळून पडतात. ही क्रिया एरवी डोळ्यांना दिसत नाही. परंतु आपल्याकडील स्त्रियांना तिचे प्रात्यक्षिक दर लग्नसराईत घडते, ते मेंदीच्या रूपाने. मेंदीतील रंगद्रव्य केराटिनाशी घट्ट जोडले जाते, म्हणून जेथे निर्जीव स्तर जाड, त्या तळहातावर ती सर्वांत गडद रंगते आणि मनगटाच्या वर फिकी पडते. आणि पुढे आठ-पंधरा दिवसांत ती जी विरत जाते, ती रंग उडाल्यामुळे नव्हे, तर रंगलेले थरच एकेक करून गळून गेल्यामुळे. व्यायाम करणाऱ्या नववधूच्या हातावर घट्ट्यांच्या जागी मेंदी अधिक काळसर चढली, तर त्यात अशुभ काही नाही. तेथे केराटिन अधिक आहे, इतकाच त्याचा अर्थ. मात्र काळी मेंदी या नावाने जे रसायन विकले जाते, त्यात पुष्कळदा केस रंगविण्याचे द्रव्य मिसळलेले असून त्याने त्वचेवर फोड उठू शकतात, हे जाता जाता नमूद करून ठेवणे योग्य होईल.

तळहाताची आणखी दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. एक, तेथे केस नाहीत आणि केसांच्या मुळाशी असणाऱ्या तैलग्रंथीही नाहीत. त्यामुळे चेहऱ्याची त्वचा स्वतःचे वंगण स्वतः पुरविते, तशी सोय तळहाताला उपलब्ध नाही, आणि ते बाहेरूनच पुरवावे लागते. दुसरे, तेथे घर्मग्रंथींची मात्र विलक्षण दाटी आहे, आणि या ग्रंथी उष्म्यापेक्षा मनाच्या क्षोभाला अधिक तत्परतेने दाद देतात. परीक्षेच्या दालनात लेखणी घसरते ती याच कारणाने. आणि ज्या क्षणी पकड सर्वांत कोरडी हवी, त्या मोठ्या वजनासमोर उभे राहण्याच्या क्षणीच तळहात ओलावतात, तेही याच कारणाने.

आता घट्टा कसा बनतो ते पाहू. एकाच जागी दाब आणि घर्षण पुनःपुन्हा होऊ लागले, की तळाच्या पेशी आपली निपज वाढवितात आणि वरचे खवले गळण्याचे मान कमी होते. जमा वाढून खर्च घटला की तिजोरीत शिल्लक साचावी, तसा केराटिनाचा थरावर थर साचतो. हा थर मर्यादेत असतो तोवर तो उत्तम ढाल असतो. परंतु देखरेखीवाचून त्याचा उंचवटा झाला, म्हणजे त्याच्या कडेला एक खाच तयार होते. दांडा फिरताना त्या उंचवट्याला अडतो, त्याला कडेने उचलतो, आणि कडक झालेला घट्टा स्वतः न वाकता आपल्या खालच्या जिवंत त्वचेला घेऊन एकदम उखडतो. घट्टा फाटणे म्हणतात ते हेच. ज्या स्त्रीच्या हाताला घट्टेच नाहीत, तिला फोड येतो: घासण्याच्या जोराने बाह्यत्वचेचे आतले थर एकमेकांपासून सुटतात व त्या पोकळीत पाणी भरते. म्हणजे घट्टा मुळीच नसला तरी हात फुटतो आणि बेसुमार वाढला तरी हात फाटतो. दोहोंमधला जो समतल मार्ग, तोच आपला.

निगराणीची पहिली पायरी वजरी नव्हे, तर पकड होय. नवशिकी मुलगी दांडा तळहाताच्या ऐन मध्यावर घेऊन मूठ मिटते. परंतु वजन जमिनीवरून सुटताच दांडा गुरुत्वाकर्षणाने बोटांच्या दिशेने खाली घसरतो आणि वाटेत तळव्याची कातडी पुढे रेटीत बोटांच्या मुळाशी तिची वळकटी करतो. त्या वळकटीवर जो चिमटा बसतो, तोच घट्ट्याचा खरा जनक. म्हणून दांडा ज्या जागी अखेर जाणारच आहे, त्या जागी, म्हणजे बोटे जेथे तळव्याला मिळतात त्या रेषेवर, तो आरंभीच ठेवावा आणि मग बोटे मिटावी. भारोत्तोलनातील पटाईत खेळाडू याच्याही पुढे जाऊन अंगठा आधी दांड्याला वेढतात आणि पहिली दोन बोटे त्या अंगठ्यावरून घेतात. या पकडीला हुक ग्रिप असे म्हणतात. तीत दांडा मुठीत फिरत नाही, त्यामुळे तळव्यावरील घर्षण कमी होते. मात्र तो भार अंगठ्याच्या नखावर आणि पेरावर येतो, आणि पहिले काही आठवडे अंगठा इतका ठणकतो की, ही विद्या शिकविणाऱ्या गुरूविषयी शिष्येच्या मनात नाना विचार येऊन जातात. हलक्या वजनापासून आरंभ करून, अंगठ्याला चिकटपट्टीचा एक वेढा देऊन ही पकड अंगवळणी पाडली, तर ठणका बहुधा यथावकाश ओसरतो.

दुसरी पायरी चूर्णाची. तालमीतला पहिलवान जोडीदाराला भिडण्यापूर्वी हाताला आखाड्यातली माती चोळतो, तद्वतच भारोत्तोलक हाताला पांढरी पूड लावतो. तिला चॉक म्हणत असले, तरी ती फळ्यावरच्या खडूची पूड नव्हे, तर मॅग्नेशियम कार्बोनेट होय, आणि घाम शोषून घेणे हा तिचा गुण. ओलावा आणि घर्षण यांचे नाते मोठे चमत्कारिक आहे. नेलर या इंग्रज त्वचाशास्त्रज्ञाने १९५५ साली प्रयोगांनी असे दाखविले की, कोरड्या त्वचेवर घर्षण बेताचे असते, पार भिजून ओथंबलेल्या त्वचेवरही ते कमीच असते; परंतु नुसत्या दमट त्वचेवर ते सर्वांत अधिक असते. घामेजलेला तळहात नेमका याच मधल्या, घातक अवस्थेत असतो. आपल्याकडील मल्लखांबात याच्या उलट तोडगा काढलेला आहे: तेथे लाकडाच्या खांबाला एरंडेल चोळून घर्षणच कमी करतात, कारण तेथे सारे अंग खांबावरून सरकावयाचे असते, दोरीच्या मल्लखांबाला मात्र, ज्यात मुलींनी मोठे नैपुण्य मिळविले आहे, तेल लावीत नाहीत, आणि म्हणून त्या मुलींचे तळवेही भारोत्तोलकांच्या तळव्यांचेच सगोत्र असतात. चॉक लावावयाची ती पातळ. जाड लेप दिल्यास तिच्या गुठळ्याच कातडीला घासतात. आणि व्यायाम संपताच हात धुऊन ती पार काढून टाकावी; कारण घाम शोषण्याचा तिचा गुण काम संपल्यावर थांबत नाही, ती पुढे त्वचेतला आवश्यक ओलावाही शोषीत बसते, आणि कोरड्या घट्ट्याला चिरा पडतात.

तिसरी पायरी घट्टे सपाट राखण्याची. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, स्नानानंतर हात कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवून, टाचा घासावयास जी वजरी घरोघरी असते तिच्याच जातीची, परंतु हातासाठी निराळी राखलेली वजरी किंवा सच्छिद्र दगड घ्यावा आणि घट्ट्याच्या उंच कडा एकाच दिशेने हलकेच घासाव्या. घासता घासता मध्येच हात पुसून बोटाने चाचपावा. घट्टा आजूबाजूच्या त्वचेच्या पातळीला आला, की तेथेच थांबावे. खालची गुलाबी, कोवळी त्वचा दिसेपर्यंत घासण्याचा मोह अनेकींना आवरत नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी दांडा हाती घेताच ढाल टाकून रणात उतरल्याचा प्रत्यय येतो. ब्लेडने घट्टे कापण्याची वहिवाट तर सर्वथा सोडून द्यावी. आणि मधुमेह असणाऱ्या स्त्रीने हे काम वैद्यकीय सल्ल्यावाचून करूच नये, कारण तिच्या बोटांची संवेदना मंदावलेली असू शकते व लहानशी जखमही चिघळू शकते. वजरी दुसरीला वापरावयास देऊ नये. हा काही कंजूषपणा नव्हे, याचे कारण पुढे चामखिळींच्या प्रकरणात येईल.

चौथी पायरी वंगणाची. रात्री निजताना तळहातांना स्निग्ध पदार्थ चोळणे हा जुना शिरस्ता शास्त्रालाही मान्य आहे. कोकणात रातांब्याच्या बियांपासून काढलेले आणि मुठीत वळून ठेवलेले कोकमाचे तेल, ज्याला कोठे मुठेल तर कोठे भिरंडेल म्हणतात, ते थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात. हे तेल साध्या उष्णतेत घट्ट राहते आणि किंचित ऊन करून चोळले की त्वचेवर टिकाऊ आवरण धरते, म्हणून तळव्यांनाही ते उपकारक ठरते. खोबरेल, व्हॅसलीन यांचेही कार्य तेच: त्वचेतला ओलावा उडून जाऊ न देणे. घट्टा फारच कडक असेल, तर औषधांच्या दुकानात दहा टक्के युरिया असलेले मलम मिळते. युरिया हे शेतातल्या खताचे नाव म्हणून दचकण्याचे कारण नाही, तो त्वचेच्या वरच्या थरात स्वभावतःच असतो आणि पाणी धरून ठेवतो. त्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांपर्यंत वाढविले, की तो केराटिनच विरघळवू लागतो. तेव्हा तसले तीव्र मलम डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून लावू नये. यातील काहीही व्यायामापूर्वी लावू नये, हे सांगणे नलगे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे प्राप्त आहे, जिचा विचार पुरुषांसाठी लिहिलेल्या व्यायामग्रंथांत कधी करावा लागला नाही. आपल्या घरांत बहुतेक स्त्रियांचा हात दांडा सोडून जो निघतो, तो थेट भांड्यांच्या मोरीत किंवा धुण्याच्या बादलीत शिरतो. साबण आणि सोडा त्वचेतील नैसर्गिक स्निग्धता धुऊन नेतात. बराच वेळ पाण्यात राहिलेला घट्टा फुगतो, पांढरा पडतो आणि मऊ होतो, आणि अशा भिजलेल्या घट्ट्यावर लगेच वजन घेतले तर तो सहज फाटतो. नखेही पुनःपुन्हा भिजून व वाळून थरांथरांनी सुटू लागतात. म्हणून भांडी घासताना रबरी हातमोजे वापरावे, आणि धुणे-भांडी व वजन उचलणे यांत तासाभराचे तरी अंतर राखावे. अथवा, याहून उत्तम उपाय म्हणजे, घरातील ज्या सभासदाच्या हातांवर अद्याप एकही घट्टा नाही, त्याच्याकडे भांड्यांचे खाते सोपवावे.

हातमोजे, पट्टे आणि चिकटपट्टी यांविषयी थोडक्यात. व्यायामशाळेतले अर्ध्या बोटांचे मोजे कातडी झाकतात खरे, परंतु दांड्याची जाडी वाढवितात आणि स्वतःच मुठीत गोळा होऊन नव्या वळकट्या पाडतात. ज्या मुठीसाठी दांडा मुद्दाम तीन मिलिमीटर बारीक केला, तिला ती जाडी परत करणे शहाणपणाचे नव्हे. मनगटाला अडकवून दांड्याला गुंडाळावयाचे पट्टे तळव्याचा भार हलका करतात, तेव्हा हात दुखावलेला असताना ते उपयोगी पडतात. नेहमी वापरल्यास पकड दुबळी राहते. सुती चिकटपट्टी बोटांना वा अंगठ्याला गुंडाळावी, पण रक्त अडेल इतकी आवळू नये, आणि व्यायाम संपताच काढावी.

एवढी तजवीज करूनही घट्टा कधी फाटलाच, तर काय करावे? प्रथम दांडा खाली ठेवावा. रक्ताळलेल्या हाताने उरलेल्या फेऱ्या पुऱ्या करण्यात शौर्य नाही, आणि तो दांडा पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार असतो. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साध्या साबणाने धुवावी. तिच्यावर स्पिरिट ओतल्याने जंतूंबरोबर भरून येऊ पाहणाऱ्या नव्या पेशीही होरपळतात. आणि हळदीची पूड दाबून भरल्यास ती जखमेत घट्ट बसते व पुढे ती स्वच्छ करणे जड जाते. सुटलेला कातडीचा पापुद्रा ओढून काढू नये. तो स्वच्छ असेल तर जखमेवर परत बसवावा, लोंबणारा सुका तुकडा तेवढा उकळलेल्या कात्रीने छाटावा. मग व्हॅसलीनचा पातळ थर देऊन वर स्वच्छ पट्टी बांधावी. जखम उघडी टाकून वाळवावी, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. परंतु जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर खपली धरलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. पाण्याचा फोड आला असेल तर तो फोडू नये. त्याचे छत हीच त्याची सर्वोत्तम पट्टी होय. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे उलटली असतील, तर ती घ्यावी. जखमेभोवती लाली पसरू लागली, ऊब व ठणका वाढला, पू आला, मनगटाकडे तांबडी रेघ चढली किंवा ताप भरला, तर विनाविलंब डॉक्टर गाठावा.

आता नखांकडे वळू. नख हेही केराटिनच. ते नखाच्या मुळाशी कातडीखाली दडलेल्या मातृपेशींतून घडत पुढे सरकते, आणि हाताच्या बोटांवर त्याची गती महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर असते. म्हणजे मुळाशी झालेली इजा टोकाला येऊन कापली जाण्यास सुमारे सहा महिने लागतात. नख हा आपल्या हाताच्या गेल्या सहा महिन्यांचा दस्तऐवजच म्हणावा. वजन उचलणाऱ्या स्त्रीने नख बोटाच्या टोकापलीकडे वाढू देऊ नये. लांब नख ही एक तरफ आहे: टोकाला बसलेला थोडासा धक्का मुळाशी मोठा होऊन पोचतो आणि नख आपल्या गादीपासून सुटते, शिवाय क्लीनमध्ये दांडा खांद्यांवर येऊन कोपरे वर उठतात व बोटे मागे दुमडतात, तेव्हा लांब नखे तळव्यातच रुततात. परंतु जुन्या काळी न्हावी नऱ्हाणीने नख अगदी मांसापर्यंत कोरून काढी, तसेही कापू नये. एक मिलिमीटरभर पांढरी कड राखावी, कापणे स्नानानंतर नख मऊ असताना करावे, आणि कानस मात्र नख वाळल्यावर, एकाच दिशेने चालवावी. नखाच्या मुळाशी जी पातळ त्वचेची झालर असते, तिला अनेक प्रसाधनगृहांत हौसेने कापून टाकतात. ती झालर म्हणजे नख आणि कातडी यांमधील सांध्याचे लुकण आहे. ते काढले की घाम, पूड आणि जंतू यांना वाट मिळते, आणि नखुर्डे होते. तिला तेल चोळावे, कापू नये.

नखे रंगविण्यास हरकत नाही. टोकियोला मीराबाई चानूने ऑलिंपिकच्या वर्तुळांच्या आकाराची, आईने दिलेली कर्णभूषणे घालून वजन उचलले होते. बळ आणि सौंदर्याची हौस यांत वैर असते, असा निर्वाळा कोणत्याही शास्त्राने दिलेला नाही. साधा रंग नखाला फारशी इजा करीत नाही; तो पुसण्याचे ॲसिटोन मात्र नखाला व भोवतालच्या कातडीला शुष्क करते, म्हणून ते वारंवार वापरू नये व वापरल्यावर तेल लावावे. जेलचा रंग खरवडून काढताना नखाचे वरचे थरही निघून येतात. आणि चिकटविलेली कृत्रिम नखे तर वर सांगितलेल्या तरफेचेच मूर्तिमंत उदाहरण होत. हुक ग्रिपच्या दाबाने अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळून काळा डाग पडला, तर तो नखाबरोबर पुढे सरकत जाऊन काही महिन्यांत नाहीसा होतो. जो काळा डाग किंवा उभी रेघ इजेवाचून उमटली, जागची हलत नाही किंवा रुंदावत जाते, ती मात्र त्वचारोगतज्ज्ञाला दाखविलीच पाहिजे; कारण क्वचित तो नखाखालील कर्करोगाचा इशारा असतो.

तसेच, घट्ट्यासारखी दिसणारी प्रत्येक गाठ घट्टा नसते. घट्ट्यावर तळव्याच्या रेषा अखंड चालू राहतात. चामखिळीपाशी त्या खंडित होतात, आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. चामखीळ विषाणूमुळे होते व सामाईक वजरीतून एकीची दुसरीला लागू शकते. तिला घासू नये, तिच्यावर उपचार करावे. नखे खोलगट, चमच्याच्या आकाराची होऊ लागली, तर दोष दांड्याचा नव्हे, रक्तातील लोहाचा असण्याचा संभव अधिक. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. तेव्हा लोखंड उचलण्यापूर्वी अंगात लोह पुरेसे आहे ना, याची तपासणी करून घेणे अप्रस्तुत ठरणार नाही.

राहता राहिल्या अंगठ्या आणि बांगड्या. अंगठी दांडा आणि बोट यांच्यामध्ये चेपली जाऊन कातडीला चिमटा घेते, तिच्या खाली निराळाच घट्टा बनतो, आणि ती कोठे अडकून भार एकदम आला तर बोटाची कातडीच सोलून निघण्याइतकी भयंकर इजा होते. काचेच्या बांगड्या फुटून मनगटात रुततात. या वस्तू व्यायामापूर्वी उतरवून ठेवण्यास सौभाग्याची कोणतीही हरकत नसावी.

या साऱ्या कारभाराला आठवड्याकाठी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही, आणि लागणारे साहित्य, म्हणजे एक वजरी, एक कानस, थोडेसे तेल आणि चिकटपट्टीचे एक भेंडोळे, बहुतेक घरांत आहेच. हात केव्हा घासावा, हे पंचांग पाहून ठरविण्याचे प्रयोजन नाही. रात्री दिवा मालविण्यापूर्वी एका हाताचा अंगठा दुसऱ्या तळहातावरून, बोटांच्या मुळांना स्पर्श करीत, सावकाश फिरवावा. तो विनाअडथळा सरकला, तर तेल लावून खुशाल झोपावे. जेथे अडेल, तेथे उद्या वजरी फिरवावी.